विळीचा रुपया

श्रीधरले विळी द्यायची, हे मी आंघोळ करता करता ठरवलं. माझ्या आयुष्यातले सगळे मोठे निर्णय न्हाणीतच झाले आहेत. गरम पाण्याची वाफ चढली की डोकं हलकं होते, जरासं वर तरंगते, आन् वरून पाहिलं की जगातली कोणतीच गोष्ट अवघड दिसत नाही. (बाहेर येऊन टॉवेल गुंडाळला की दिसते, पण तवापर्यंत निर्णय होऊन गेलेला असते.)

मी चंपत रामटेके. भिलाईच्या स्टील प्लांटमध्ये इन्स्ट्रुमेंटेशनले आहे. म्हणजे भट्टी किती तापली, वाफेचं प्रेशर किती, हे सांगणारे जे काटे असतात, ते खरं बोलून राहिले की खोटं, हे पाहणं माझं काम. एकतीस वर्षं काट्यांकडे पाहून पाहून मले एक सवय लागली. समोर कोणी बोलत असलं की मी त्याच्याकडे पाहतो, मान हलवतो, आन् मनानं दुसरीकडेच निघून जातो. सत्यशीला, म्हणजे माझी बायको, तिले हे लग्नाच्या दुसऱ्याच आठवड्यात समजलं. तवापासून महत्त्वाची गोष्ट ती मले दोनदा सांगते आन् बिनमहत्त्वाची सांगतच नाही.

श्रीधर मुळे माझा दोस्त. शेजारच्या दुर्ग शहरातल्या जुन्या मराठी घरातला, नोकरी प्लांटच्याच ड्रॉइंग ऑफिसात. सव्वीस वर्षं झाली, रोज सकाळी ड्युटीच्या आधी आम्ही प्लांटच्या गेटजवळ दयारामच्या टपरीवर एक-एक चहा पितो. बोलतो फार कमी. थंडीच्या दिवसांत तिथं धुकं आन् धूर असे एकमेकांत मिसळून जातात की कोणतं काय ते ओळखू येत नाही. सायकली दिसत नाहीत, नुसत्या घंट्या वाजत वाजत जवळून जातात, आन् त्या पांढऱ्या पांढऱ्यात आम्ही दोघं गरम गिलास धरून उभे. मले विचाराल तं माझ्या दिवसातली सगळ्यात चांगली दहा मिनिटं तीच. हे मी श्रीधरले कधी सांगतलं नाही. पुरुष माणूस असं सांगते का कोणाले?

तं या श्रीधरनं हुडको कॉलनीत घर घेतलं आन् रविवारी वास्तुशांतीले बोलावलं. काय द्यावं? न्हाणीत मले आठवलं की गीतावहिनीची, म्हणजे त्याच्या बायकोची, विळी ढिली झाली आहे. मागच्या वर्षी मी जेवायले गेलो तवा ती माउली एका हातानं पातं धरून दुसऱ्या हातानं कोहळं कापून राहिली होती, आन् मी तिच्या बोटांकडे पाहून जीव मुठीत धरून बसलो होतो. (कोहळ्याची भाजी दोनदा वाढून घेतली, ती गोष्ट वेगळी.)

"विळी?" सत्यशीला पोळी लाटता लाटता थांबली. "नव्या घराले विळी?"

"कावून? रोज वापरायची वस्तू आहे."

"धारेची वस्तू कोणी भेट देते का जी? दोस्ती तुटते म्हणतात. रुमाल देत नाहीत, अत्तर देत नाहीत, चप्पल देत नाहीत, भांडं दिलं तं रिकामं देत नाहीत. आन् धार तं अजिबात देत नाहीत."

"कोण म्हणते?"

"गीताताई मानते."

"आन् तू?"

"मी नाही मानत. पण विळी तिच्या घरात जाऊन राहिली, माझ्या नाही."

हे शेवटचं वाक्य तिनं दोनदा सांगतलं, असं ती आता म्हणते. मी मान हलवली होती म्हणे. पण मी तवा मनानं कुम्हारीच्या रस्त्याले लागलो होतो, कारण विळी घ्यावी तं कुम्हारीच्या लोहाराकडूनच.

"आन् शनिवारी लोखंड घरात आणत नाहीत," ती मागून ओरडली.

आता सांगा. भिलाईत राहून शनिवारी लोखंड नाही आणायचं? आमच्याकडे शनिवारी लोखंड थांबवलं तं निम्मं गाव घरी बसेल आन् शनिदेवाले स्वतः येऊन भट्टी चालू करावी लागेल. मी हसत हसत बाइकले किक मारली.

खरं कारण अजून एक होतं, ते कबूल करून टाकतो. मी आमच्या विहाराच्या कमिटीचा सेक्रेटरी आहे. दोन महिन्यांआधी मी तिथं 'भेटवस्तू आणि भीती' या विषयावर बोललो होतो. वीस मिनिटं. चाकू दिल्यानं मैत्री तुटत नाही, घड्याळ दिल्यानं कोणाचे दिवस भरत नाहीत, माणसाच्या हातून माणसाले जे जाते ते प्रेम असते, असं काहीबाही. टाळ्या पडल्या. फार नाही, पण त्या माझ्या कानात राहून गेल्या. कुम्हारीच्या रस्त्यावर मोहाची झाडं मागे सरकत होती, उन्हं कोवळी होती, आन् मले दिसून राहिलं होतं की श्रीधरच्या घरी मी विळी काढतो, लोक दचकतात, मी दोन शब्द बोलतो, आन् सगळे भीतीतून मोकळे होऊन टाळ्या वाजवतात. एक म्हातारे गृहस्थ तं डोळे पुसून राहिले होते. (हे गृहस्थ कोण, ते मले आजही माहीत नाही.)

लोहारानं ट्रकच्या कमानपट्ट्याचं पातं काढून दिलं. काय पातं होतं! टोकाले खोबरं खवायचे दाते, खाली सागाचा पाट. मी ते लाल चमकत्या कागदात गुंडाळून घेतलं.

रविवारी आम्ही दोघं नवरा-बायको गेलो तं हुडकोत पन्नासेक माणूस. झेंडूच्या माळा, धूप, आतून शिऱ्याचा वास. गीतावहिनीनं सगळ्यांसमोर कागद सोडला आन् तिचा चेहरा उतरला. विळी तिनं खाली ठेवली, हातात नाही धरली.

"भाऊजी, छान आहे," ती हळूच म्हणाली. "पण अशी कशी घेऊ? माझ्या आईनं मावशीला अडकित्ता दिला होता. सख्ख्या बहिणी, पण मरेपर्यंत एकमेकींशी बोलल्या नाहीत. तुम्ही एक रुपया घ्या ना. म्हणजे विकत घेतल्यासारखं होईल."

श्रीधरनं लगेच खिशातून रुपया काढला आन् हात पुढे केला. "घे रे चंपत. तिचं समाधान."

एवढंच होतं पाहा. एक नाणं उचलून खिशात टाकायचं होतं. दोन सेकंदांचं काम. पण पन्नास माणसं पाहून राहिली होती आन् माझ्या कानात टाळ्या वाजायले लागल्या. मी उभा राहिलो, घसा साफ केला, आन् म्हणालो, "मित्रहो!"

घरगुती कार्यक्रमात 'मित्रहो' म्हणणारा माणूस कुठंही सुखरूप पोचत नाही. मी 'भेटवस्तू आणि भीती' पहिल्यापासून शेवटपर्यंत केलं. हा रुपया घेणं म्हणजे भीतीले घरात पाट मांडून बसवणं आहे, असं एक नवं वाक्यही घातलं. बोलता बोलता मी कुठच्या कुठं गेलो होतो. परत आलो तवा टाळ्या नव्हत्या. पंखा फिरत होता. गीतावहिनी आत निघून गेली होती. आन् श्रीधरचा हात, रुपयासकट, तसाच पुढे होता.

मग त्यानं तो हळूहळू मागे घेतला.

"प्रसाद घेऊन जा," तो म्हणाला.

सोमवारी सकाळी तो टपरीवर आला नाही. दयारामनं सवयीनं दोन गिलास भरले होते. मी दोन्ही प्यालो आन् दिवसभर ॲसिडिटी घेऊन फिरलो. दुपारी डब्याच्या वेळी मोबाइल वाजला. श्रीधरनं एक रुपया पाठवला होता. निरोप नाही, काही नाही. नुसता रुपया.

मी परत पाठवला.

त्यानं पुन्हा पाठवला. मी पुन्हा परत. संध्याकाळपर्यंत तो बिचारा रुपया चौदा वेळा आमच्या रुआबांध्याहून हुडकोले आन् हुडकोहून रुआबांध्याले जाऊन आला. माझा पोरगा अमरदीप सोफ्यावर पडल्या पडल्या पाहून राहिला होता.

"पापा, क्या कर रहे हो आप लोग? एक रुपया है. रख लो ना."

"तत्त्वाचा प्रश्न आहे."

"मुळे अंकल का भी तत्त्व है क्या?"

"त्याचा हट्ट आहे."

"अच्छा," तो म्हणाला आन् उठून गेला. आजकालच्या पोरांचं 'अच्छा' मोठं लागते.

पंधराव्यांदा मी पाठवलेला रुपया परत आला नाही. मी जिंकलो. मंगळवारी तो टपरीवर आला नाही. बुधवारीही नाही. कोणीतरी सांगतलं की तो आता दुसऱ्या गेटनं जाते. ऐका, सव्वीस वर्षं ज्या गेटनं माणूस गेला, ते गेट त्यानं सोडलं, आन् ते का सोडलं तं तिथं मी असतो म्हणून.

"आज घलो अकेल्ला?" आजही एकटाच का, असं दयाराम रोज विचारे. त्याची छत्तीसगढी तशी गोड, पण हा प्रश्न रोज सकाळी खडा लागल्यासारखा लागे.

एकोणीस दिवस असे गेले. धुकं दाट होत गेलं. मी मीटरच्या काट्यांसमोर बसे आन् काटे मले सांगत की सगळं नॉर्मल आहे, आन् एकतीस वर्षांत पहिल्यांदा मले वाटलं की खोटं बोलून राहिले.

शनिवारी माझी सुट्टी. दुपारी अंगणात, पेरूच्या झाडाखाली खाट टाकून पडलो. थंडीतलं ऊन अंगावर गोधडीसारखं आलं आन् मी कवा झोपलो ते समजलं नाही. स्वप्नात ती विळी आपल्या सागाच्या पाटावर ऐटीत बसून भिलाईवरून उडत होती. आवाज नाही, घाई नाही. ती खाली आली, रुआबांधा आन् हुडकोच्या मधला रस्ता तिनं दुधीभोपळा चिरावा तसा अलगद चिरला, आन् हुडको सुटलं. हळूहळू दूर जायले लागलं. लोक तिकडे कुंड्यांले पाणी घालून राहिले होते, कपडे वाळत घालून राहिले होते, कोणाले पत्ता नाही. काठावर श्रीधर उभा. त्याच्या हातात दोन गिलास, दोन्हीतून वाफ निघून राहिलेली. एक गिलास माझा होता, ते मले इकडून दिसत होतं. मी हाक मारली तं तोंडातून आवाजच निघेना, नुसतं पांढरं धुकं निघालं, आन् त्या धुक्यात तो दिसेनासा झाला.

"अहो. अहो! उठा."

सत्यशीला खाटेपाशी उभी होती. "झोपेत रडून राहिले तुम्ही."

"ऊन गेलं डोळ्यात."

"ऊन पलीकडे गेलं कवाचं. तुम्ही सावलीत आहात."

मी उठून बसलो. आन् सांगून टाकलं. "मले श्रीधरची आठवण येते व. लय येते. चहा घशाखाली उतरत नाही."

"मंग जा ना."

"रुपया घेतला तं माझं भाषण खोटं ठरते."

ती खाटेच्या कडेले बसली. "तुमचं भाषण खरंच आहे जी. विळीनं काही तुटत नाही. पण ती बाई भेली होती. भेलेल्या माणसाजवळ बसतात, त्याले धीर देतात. त्याच्या डोक्यावर उभं राहून 'मित्रहो' नाही म्हणत. विहारात करुणा करुणा म्हणता, ती काय फक्त माइकवर करायची असते? आन् श्रीधरभाऊंचा हात किती वेळ तसा होता, पाहिलं होतं तुम्ही?"

मी पाहिलं नव्हतं. मी टाळ्या ऐकून राहिलो होतो.

दुसऱ्या दिवशी रविवार. सत्यशीला सकाळीच महिला मंडळाच्या मीटिंगले म्हणून गेली. मी आंघोळीले गेलो, पण या वेळेस गिझर लावलाच नाही. (गरम पाण्यावर माझा भरोसा उडाला होता.) थंड पाण्यानं कुडकुडत तयार झालो आन् हुडकोले पोचलो. बेल वाजवली. दार श्रीधरनंच उघडलं. दाढी वाढलेली, स्वेटर उलटा.

"रुपया दे," मी म्हणालो.

"कोणता रुपया?"

"विळीचा. घेतो मी. चूक झाली माझी. तुझा हात लोकांसमोर तसाच राहिला, त्याचं मले लय वाईट वाटून राहिलं आहे."

त्याची हनुवटी जराशी हलली. माझीही हलली असेल. असे आम्ही दोघं, सत्तावन्न-सत्तावन्न वर्षांचे, दारात हनुवट्या हलवत उभे, तेवढ्यात आतून दोन बायकांचं हसणं ऐकू आलं. त्यातलं एक हसणं माझ्या ओळखीचं होतं. रोजच्या ओळखीचं.

आत स्वयंपाकघरात गीतावहिनी माझ्याच विळीवर बसून मेथी चिरून राहिली होती आन् समोर मांडी घालून सत्यशीला मटार सोलत होती. महिला मंडळाची मीटिंग पूर्ण हजेरीनं चालू होती.

"तू इथं?"

"दर रविवारी येतो आम्ही एकमेकींकडे," सत्यशीला म्हणाली. "परवा तुम्ही खाल्लेले अनारसे कोणाचे होते, वाटलं तुम्हाले?"

"भाऊजी, बसा ना," गीतावहिनी म्हणाली. "आणि रुपयाचं काय घेऊन बसलात? तो तर मी वास्तुशांतीच्या दिवशीच आमच्या गेटपाशी या वहिनींच्या हातावर ठेवला. त्यांनी लगेच घेतला. म्हणून तर विळी वापरते."

श्रीधर माझ्याकडे पाहायले लागला, मी श्रीधरकडे.

"त्याच दिवशी?" श्रीधर ओरडला. "मग मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही विचारलं कुठं? तुम्ही दोघं फोनवर रुपया-रुपया खेळत होतात."

मले असं हलकं वाटलं म्हणून सांगू! पाय जमिनीवरून सुटल्यासारखे झाले. एकोणीस दिवस मी ज्याच्यासाठी झुरलो ते तुटलंच नव्हतं. रुपया दिलेला होता, घेतलेला होता, वर आकाशात कुठं हिशोब ठेवत असतील तं तिथंही सगळं चोख होतं. मी डोळे पुसत पुसत म्हणालो, "सत्यशीला, तू माझी दोस्ती वाचवली व!"

"तुमची?" तिनं मटाराची शेंग फोडली. "तुमची कोण वाचवते जी? मी आपली आन् गीताताईची वाचवली. रुपया मी माझ्या नावानं घेतला. तुमचं तुम्ही पाहून घ्या."

गीतावहिनीनंही मान डोलावली. दोघींचं यावर आधीच बोलणं झालेलं दिसत होतं.

आता श्रीधरनं सरळ खिशात हात घालावा की नाही? नाही. त्यानं उलट्या स्वेटरच्या बाह्या वर केल्या आन् भिंतीले टेकून उभा राहिला.

"रुपया देतो," तो म्हणाला. "पण असा घरात नाही. माझा हात पन्नास माणसांसमोर राहिला होता. तू उद्या सकाळी टपरीवर सगळ्यांसमोर हात पुढे करायचा. मी चहा पिऊन होईपर्यंत खाली घ्यायचा नाही. मग देतो."

"मंजूर," मी म्हणालो. काय करता? त्याचं बरोबर होतं.

सोमवारी मी साडेसहालेच गेलो. धुकं इतकं होतं की दयारामची शेगडी नुसती लाल ठिपक्यासारखी दिसत होती. अंगावर जुनी घोंगडी, डोक्याले माकडटोपी, दाढी केलेली नाही, कारण रात्रभर झोप नीट नव्हती. श्रीधर आला. आपला गिलास घेतला. मी त्याच्या शेजारी उभा राहिलो आन् हात पुढे केला. टपरीवरची सात-आठ माणसं आमच्याकडे वळून पाहायले लागली. तो फुंकर मारू मारू प्यायले लागला. एवढा सावकाश चहा मी माणसाले पिताना पाहिला नाही.

पण खरं सांगतो, मले वाईट वाटत नव्हतं. उजवीकडून त्याच्या चहाची वाफ येत होती. सायकलींच्या घंट्या जवळ येऊन दूर जात होत्या. तो होता, मी होतो, आन् ते पांढरं पांढरं होतं. मी डोळे मिटून घेतले. सगळं जग मऊ झालं होतं आन् त्यात माझा हात तेवढा बाहेर होता, तो आता आपला रुपया येईल म्हणून वाट पाहत होता.

आला. तळहातावर थंडगार नाणं पडलं. मी मूठ मिटली. ऊर भरून आला. डोळे न उघडताच मी म्हणालो, "श्रीधर, आता नाही तुटत आपली दोस्ती."

"ले ददा," एक म्हातारा, दमलेला आवाज आला, "चाय पी लेबे."

मी डोळे उघडले. डोक्यावर भाजीची टोपली घेतलेली एक म्हातारी बाई माझ्याकडे मोठ्या मायेनं पाहून, पदर सावरत, धुक्यात पुढे निघून गेली. माझ्या मुठीत दोन रुपये होते. दयाराम शेगडीमागे खाली बसून खांदे हलवून राहिला होता. आन् श्रीधर, सव्वीस वर्षांचा माझा दोस्त, गिलासातला अर्धा चहा अजून तसाच ठेवून, हसू दाबत माझ्या कानाशी आला.

"हात खाली घेऊ नको बे," तो म्हणाला. "अजून एक-दोघं जाऊ दे. दोघांच्या चहाचं निघून जाईल."